पट, हजेरी आणि आकलन : शाळेच्या यूट्यूब वाहिनीचे मूल्यमापन

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक प्राथमिक शिक्षकांनी प्रथमच मोबाइलवर पाठ चित्रित करून ते यूट्यूबवर ठेवण्यास प्रारंभ केला. शाळा पूर्ववत भरू लागल्यानंतरही अशा कित्येक वाहिन्या चालू राहिल्या. आठ मिनिटांचा एक पाठ तयार करावयाचा म्हणजे टाचण, चित्रण व जुळणी मिळून शिक्षकाची एक सबंध संध्याकाळ खर्ची पडते. हा वेळ कोणत्या तरी मुलाच्या वाट्याचा असतो. तो सत्कारणी लागला किंवा कसे, हे पाहणे म्हणूनच शिक्षकाचे कर्तव्य ठरते. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखी माध्यमे खातेदारास यासाठी पुष्कळ आकडे विनामूल्य पुरवितात. या आकडेवारीस ‘अ‍ॅनालिटिक्स’ असे म्हणतात. आकडे मिळणे सोपे आहे. त्यांचा अर्थ लावणे मात्र अभ्यासाचे काम आहे.

१. परिचित मापे

प्राथमिक शिक्षकास ही मापे वाटतात तितकी अपरिचित नाहीत. शाळेच्या दप्तरात पट, हजेरी आणि आकलन या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदविल्या जातात. पटावर नाव असलेले मूल त्या दिवशी हजर असेलच असे नाही, आणि हजर असलेल्या मुलास पाठ समजलाच असेही नाही. वाहिनीचे आकडेही याच क्रमाने लावता येतात.

सबस्क्रायबरांची संख्या म्हणजे वाहिनीचा पट होय. एकदा नाव नोंदवून पुन्हा कधीच न फिरकणारे पुष्कळ असतात. म्हणून पट मोठा असल्याने केवळ ओळख मोठी असल्याचे कळते. व्ह्यूज म्हणजे हजेरी. ही हजेरी वर्गाच्या दारात पाऊल ठेवताच लागते, आत किती वेळ बसले ते ती सांगत नाही. पाहण्याचा एकूण वेळ आणि प्रत्येक वेळी पाहिल्याची सरासरी ही दोन मापे बैठकीचा अंदाज देतात. केवळ व्ह्यूज मोजल्याने फसव्या मथळ्यांच्या व्हिडिओंचे फावते, हे ध्यानात आल्यावर यूट्यूबनेही २०१२ साली आपल्या शिफारशींत पाहण्याच्या वेळास अधिक महत्त्व दिले. आकलनाचे माप मात्र या यादीत कोठेही नाही. ते वर्गातच घ्यावे लागते.

२. हजेरी कोणत्या नियमाने लागते?

दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी ते एकाच नियमाने मोजले आहेत ना, हे पाहिले पाहिजे. यूट्यूबवरील ‘शॉर्ट्स’ या लघुचित्रफितींचे उदाहरण यासाठी उपयुक्त आहे. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्स सुरू होताच किंवा पुन्हा सुरू होताच एक व्ह्यू धरला जाऊ लागला. किमान काही काळ पाहण्याची अट राहिली नाही. त्यामुळे त्या दिवसापूर्वीची आणि नंतरची दृश्यसंख्या शेजारी शेजारी मांडून ‘वाहिनीची प्रगती झाली’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तेथे मुले बदललेली नसून हजेरीचा नियम बदललेला असतो.

दुसरे उदाहरण टिप्पण्यांचे. अमेरिकेतील व्यापार आयोगाने मुलांच्या माहितीच्या संरक्षणाबाबत केलेल्या कारवाईत सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल व यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी’ अशी खूण केलेल्या चित्रफितींवर टिप्पण्यांची सोय बंद करण्यात आली. इयत्ता दुसरीच्या पाठाखाली एकही टिप्पणी नसेल, तर पालक उदासीन आहेत असे शिक्षकाने मानू नये. तेथे लिहिण्याची मुभाच नसते.

३. भाजकाचा प्रश्न

सरासरी काढताना भाज्य सर्वांच्या नजरेत असतो. भाजकाकडे दुर्लक्ष होते. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने एक चूक मान्य केली. व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ काढताना कंपनी एकूण वेळास सर्व दृश्यांच्या संख्येने भागत नव्हती, तर फक्त तीन सेकंद वा त्याहून अधिक काळ पाहिलेल्या दृश्यांच्या संख्येने भागत होती. सुमारे दोन वर्षे हा प्रकार चालला आणि सरासरी ६० ते ८० टक्क्यांनी फुगलेली असावी, असे एका मोठ्या जाहिरात संस्थेस कळविण्यात आले. पुढे जाहिरातदारांनी दावा केला, तो २०१९ साली ४ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

ही चूक वरच्या वर्गातील मुलांनाही समजावून देता येईल. समजा, एक चित्रफीत १० जणांनी उघडली. त्यांपैकी ४ जणांनी ती प्रत्येकी ६० सेकंद पाहिली आणि ६ जण दोन-दोन सेकंदांत निघून गेले. एकूण वेळ २५२ सेकंद झाला. त्यास १० ने भागल्यास सरासरी २५.२ सेकंद येते. ४ ने भागल्यास ६३ सेकंद येते. दुसरी सरासरी तर सर्वाधिक वेळ बसलेल्या प्रेक्षकाच्या वेळाहूनही मोठी आहे! जी सरासरी सर्वांत मोठ्या संख्येच्याही पुढे जाते, तिच्या पाठीमागे भाजकाची चूक असलीच पाहिजे, हे चौथीचे मूलही सांगू शकेल.

४. दोन चित्रफितींची तुलना

समजा, एका शाळेने आपल्या वाहिनीवर दोन चित्रफिती ठेवल्या. पहिली स्नेहसंमेलनातील लेझमीची, तीन मिनिटांची. दुसरी तिसरीच्या वर्गासाठी, हातच्याच्या वजाबाकीची, आठ मिनिटांची. महिनाअखेर लेझमीस २,४०० व्ह्यूज मिळाले आणि पाहण्याचा एकूण वेळ २४ तास झाला. वजाबाकीस ९६ व्ह्यूज मिळाले आणि एकूण वेळ ६ तास २४ मिनिटे झाला.

वरवर पाहता लेझीम पंचवीस पटींनी सरस ठरते. आता सरासरी काढून पाहावी. लेझमीचे १,४४० मिनिटांस २,४०० ने भागता ०.६ मिनिट, म्हणजे ३६ सेकंद येतात. चित्रफितीचा हा पाचवा हिस्सा झाला. वजाबाकीचे ३८४ मिनिटांस ९६ ने भागता ४ मिनिटे येतात. म्हणजे पाठाचा निम्मा भाग. जे आले ते बसले, असे पाठाविषयी म्हणता येते.

तथापि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न याहून निराळा आहे : ही चित्रफीत कोणासाठी होती? लेझीम गावासाठी आणि गावाबाहेर कामास गेलेल्या माणसांसाठी होती. ती त्यांच्यापर्यंत पोचली आणि तिचे काम झाले. वजाबाकीचा पाठ तिसरीच्या ३२ मुलांसाठी होता. त्याचा भाजक लक्षावधी प्रेक्षकांचा नसून ३२ मुलांचा आहे. ९६ व्ह्यूज म्हणजे दर मुलामागे सरासरी तीन. मात्र ते त्याच मुलांचे आहेत की बाहेरच्या कोणाचे, हे आकडा स्वतः सांगत नाही. त्यासाठी प्रेक्षक कोठून आले, याचा तक्ता पाहावा लागतो.

समजा, त्या तक्त्यात ९६ पैकी ७६ व्ह्यूज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेल्या दुव्यावरून आलेले आढळले आणि उरलेले २० यूट्यूबवर मुखचित्र पाहून आले. मुखचित्र ५०० वेळा दाखविले गेले असल्यास, त्यावर बोट ठेवणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्के होते. यूट्यूबच्या सांगण्यानुसार निम्म्या वाहिन्यांत हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. येथे ध्यानात ठेवावयाचे ते हे की, व्हॉट्सअ‍ॅपवरील दुव्याने येणारे प्रेक्षक या प्रमाणात धरलेच जात नाहीत. शाळेचा पाठ बहुधा पालकांच्या गटातूनच पोचतो. म्हणून हे प्रमाण वाढविण्यासाठी भडक मुखचित्रे करीत बसणे शिक्षकास आवश्यक नाही.

५. आलेखातील उंचवटा

अ‍ॅनालिटिक्समधील सर्वांत शिक्षणोपयोगी वस्तू म्हणजे प्रेक्षक टिकून राहिल्याचा आलेख होय. पाठाच्या कोणत्या क्षणी किती प्रेक्षक उरले होते, हे तो दाखवितो. आलेख सामान्यतः उतरत जातो. जेथे तो एकदम घसरतो, तेथे प्रेक्षक निघून गेले किंवा त्यांनी तो भाग ओलांडला. जेथे उंचवटा येतो, तेथे तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला गेला.

वजाबाकीच्या पाठात तिसऱ्या मिनिटास असा उंचवटा आढळला असे समजू. त्या मिनिटास ५०२ मधून १७८ वजा करावयाचे आहेत. दशकाच्या घरी शून्य आहे. तेव्हा शतकाच्या घरातून एक शतक सुटे करून आणावे लागते. मुलांनी येथेच चित्रफीत मागे नेली. वर्गात हात वर करण्यास लाजणारे मूल घरी एकटे असताना तोच भाग तीन वेळा पाहते, आणि त्याने न विचारलेला प्रश्न आलेखात उमटतो. अशा वेळी शिक्षकाने दुसऱ्या दिवशी शतकाची पाटी, दशकाच्या दांड्या व सुटे मणी घेऊन नेमकी तीच पायरी पुन्हा घ्यावी. एखादा आलेख पाहून जर शिकविण्याची एक पायरी सुधारली, तर त्या वाहिनीचे श्रम सार्थ झाले. प्रेक्षक थोडे असताना दोन-तीन जणांमुळेही उंचवटा येतो. म्हणून त्याकडे पुरावा म्हणून न पाहता सूचना म्हणून पाहावे आणि खात्री वर्गात करून घ्यावी.

६. आकड्यांत न दिसणारी मुले

घरात एकच मोबाइल असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर ते मूल कोणत्याही तक्त्यात येत नाही. दोन भावंडांनी एका मोबाइलवर पाठ पाहिला, तर हजेरी एकच लागते. उलटपक्षी, शाळेतील मोठ्या पडद्यावर ३२ मुलांनी एकत्र पाहिलेला पाठही एकच व्ह्यू म्हणून नोंदला जातो. आणि तोच कदाचित सर्वांत फलदायी असतो. ‘अनुपस्थित’ असा शेरा मारण्याची सोय अ‍ॅनालिटिक्समध्ये नाही. तो शेरा शिक्षकाच्या हजेरीपटावरच सापडतो. म्हणून पाठ दिल्यानंतर कोणत्या मुलांना तो पाहता आला नाही, हे नावानिशी विचारून त्यांच्यासाठी शाळेत व्यवस्था करणे, हे मूल्यमापनाचेच अंग समजले पाहिजे.

७. माप जेव्हा ध्येय होते

१८६२ साली इंग्लंडमध्ये शाळांचे अनुदान मुलांच्या उपस्थितीवर आणि निरीक्षकांनी घेतलेल्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले. परिणामी शाळा परीक्षेपुरतेच घोकून घेऊ लागल्या. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली, आणि शतक संपण्यापूर्वी ती मोडीत निघाली. १९७५ साली ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी चलनविषयक धोरणाच्या संदर्भात याच जातीचा नियम मांडला : एखाद्या मापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते माप विश्वासार्ह राहत नाही.

वाहिनीच्या बाबतीतही हा धोका आहे. व्ह्यूज हेच ध्येय झाले की पाठांची जागा नाचगाणी घेतात, आणि मुलाचे रडणे किंवा चुकीचे उत्तरही प्रेक्षक मिळविण्याचे साधन बनते. मुलाची फजिती लोकांपुढे मांडून मिळालेले हजार लाइक ही शाळेची अप्रतिष्ठा होय. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, त्याच्या माहितीचा वापर करण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरविली आहे. कायद्याचा हेतू ओळखून, मुलाचा चेहरा वा नाव दिसेल अशी चित्रफीत पालकांच्या लेखी संमतीवाचून ठेवू नये.

८. नोंदवहीची रीत

रोज आकडे पाहण्याने मन चंचल होते आणि हाती काही लागत नाही. महिन्यातून एक दिवस ठरवून एका साध्या वहीत पुढील रकाने भरावेत : पाठाचे नाव व कोणत्या इयत्तेसाठी, त्या इयत्तेचा पट, व्ह्यूज, पाहण्याची सरासरी व तिचे पाठाच्या लांबीशी शेकडा प्रमाण, आलेखातील उंचवटा व घसरण, पाठ पाहू न शकलेली मुले, आणि वर्गात घेतलेल्या पाच प्रश्नांच्या तोंडी चाचणीचा निकाल. अखेरचा रकाना ‘पुढील पाठात करावयाचा बदल’ असा ठेवावा. ज्या आकड्यामुळे या शेवटच्या रकान्यात काहीच लिहावे लागत नाही, तो आकडा पुढील महिन्यापासून नोंदविला नाही तरी चालेल.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) एका पाठास ४० व्ह्यूज व ७० टक्के सरासरी, दुसऱ्यास ४०० व्ह्यूज व १० टक्के सरासरी मिळाली. दोन्ही पाठ प्रत्येकी दहा मिनिटांचे असल्यास पाहण्याचा एकूण वेळ कोणाचा अधिक? एवढ्यावरून कोणता पाठ अधिक उपयोगी ठरला, हे सांगता येईल काय?

(२) पट, हजेरी व आकलन यांतील फरक दाखविणारी प्रत्येकी दोन उदाहरणे स्वतःच्या शाळेतून द्या.

(३) आपल्या शाळेतील कोणती मुले वाहिनीच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाहीत? त्यांची यादी करून त्यांच्यासाठी काय करता येईल, ते ठरवा.