दवबिंदूचा तांबडा रंग

पाऊस ओसरूं लागला म्हणजे उंबरमाळीच्या माळावर ओलसर, पातळ मातींत दवबिंदू नांवाचें लहान रोप दिसतें. त्याच्या केसाळ पानांवरील चिकट थेंबांत किडे अडकतात व रोप त्यांचें सत्त्व शोषून घेतें. कारण अशा मातींत नत्र थोडें असतें.

आम्हांस असें आढळलें कीं, उघड्या उन्हांतील रोपें तांबडीं, तर उंच गवताच्या सावलींतील हिरवीं असतात. हा रोग नव्हे. प्रखर उन्हांत पानांमध्यें तांबडें रंगद्रव्य वाढतें व तें जादा उजेडापासून पानाचें रक्षण करतें. मेघालयांतील घटपर्णीच्या कलशांसही उन्हांत अशीच तांबूस छटा येते.

मात्र भाताचें रोप खुजें राहून त्याचीं हिरवीं पानें जांभळट पडलीं, तर उन्हास दोष देऊन स्वस्थ बसूं नये. सावलींतील रोपेंही तशींच दिसल्यास स्फुरदाची उणीव संभवते. सबब शेतकरी बंधूंनीं प्रथम ऊन-सावलींतील रोपें ताडून पाहावीं, माती तपासून घ्यावी व मगच खतास पैसा घालावा. दवबिंदू मात्र रोगट समजून उपटूं नये.