जुनी तार, नवा भार

आमच्या घरी फ्रीजपाशी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असे. फ्रीज उघडायचा तर आधी चपला घालायच्या, असा घरचा नियमच होता. कारण काय? अनवाणी उभे राहून हात लावला की झिणझिण्या येत. पावसाळ्यात तर जास्तच.

आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. वीज धातूतून आणि ओल्या अंगातून वाहते, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवले. आणि घरी मात्र चपला घालून फ्रीज उघडत होतो!

एका श्रावणात आमची सात वर्षांची नात न्हाऊन ओल्या पायांनी आली. तिने फ्रीजचा दांडा धरला. ती किंचाळली आणि मागे फेकली गेली. दैव बलवत्तर, म्हणून हात सुटला. सुटला नसता तर? पुढचे लिहवत नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही वायरमनला बोलावले. त्याने भिंतीवरची लाकडी पट्टी उकलली. तारेवरचे रबर जुन्या पापडासारखे हातात चुरा होऊन आले. माळ्यावर तर उंदरांनी तार कुरतडून उघडी केली होती. तो म्हणाला, "गुरुजी, घर जळलं नाही हेच नशीब समजा."

दोष कोठे होता?

पहिला दोष, तार जुनी. आमच्या वडिलांनी १९७१ साली घरात वीज घेतली. तेव्हा ६० वॅटचे चार दिवे होते. त्यांना मिळून जेमतेम एक अँपिअर वीज लागे. पुढे पंखे आले, फ्रीज आला, मिक्सर आला. इस्त्री १००० वॅटची, गीझर २००० वॅटचा. एकटा गीझरच जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. तार मात्र तीच राहिली. बैलगाडीवर ट्रकचा माल भरला तर काय होईल? कणा मोडेल. तारेवर जास्त भार आला की ती तापते. तापून तापून वरचे आवरण कडक होते आणि तडकते.

दुसरा दोष, फ्यूज जाड. फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते. भार वाढला की तिने वितळावे आणि वीज तोडावी, हेच तिचे काम. आमचा फ्यूज सारखा उडू लागला, तेव्हा आम्ही कंटाळून त्यात जाड तार घातली. म्हणजे राखणदाराला झोपवले आणि दार उघडे ठेवले!

तिसरा दोष, अर्थिंग नव्हते. फ्रीजच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती जमिनीत नेणारी वेगळी तार हवी. पिनेचा तिसरा, जाड पाय त्याचसाठी असतो. आमच्या घरी तो पाय कुठेच जोडलेला नव्हता. मग विजेला वाट सापडली ती मुलीच्या अंगातून.

आम्ही काय बदलले?

साऱ्या जुन्या तारा काढल्या. दिवे-पंख्यांना १.५, प्लगना २.५ आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली. तारेवर आय.एस.आय.ची खूण पाहून घेतली. फ्यूजच्या जागी एम.सी.बी. बसवले. भार वाढला की त्याचा खटका आपोआप पडतो. अंगणात खड्डा घेऊन अर्थिंगची नळी पुरली. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ घातले. उन्हाळ्यात तिथे पाणी ओततो.

शिवाय आर.सी.सी.बी. नावाचे एक यंत्र बसवले. त्याचे काम हिशेबनिसाचे आहे. घरात जितकी वीज आली तितकीच परत गेली पाहिजे. वाटेत कोणाच्या अंगातून थोडी जरी जमिनीत उतरली, तरी ते तूट ओळखते. तूट ३० मिलिअँपिअरपर्यंत जाताच ते क्षणात वीज तोडते. त्यावर एक तपासणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. हे यंत्र वारंवार पडते म्हणून काढून टाकू नये. ते इशारा देत असते. दोष शोधावा.

आपल्या घरात पाहा

बटण गरम लागते का? जळका वास येतो का? दिवा मिणमिणतो का? पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? यांतले एक जरी असेल, तरी उद्यावर टाकू नका. सरकारी परवाना असलेल्या माणसाकडूनच काम करून घ्या. नवी तार जुन्या तारेला पिळून जोडू देऊ नका. पैसे एकदम जमत नसतील, तर आधी अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. करून घ्या. तारा मग एकेका खोलीच्या बदला. पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आधी.

लक्षात ठेवा

१. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, दोरी बांधा.

२. कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. मग १०८ वर फोन करा.

आमच्या घरचा तो चपलांचा जोड आता दाराबाहेर असतो. नात अनवाणी येते आणि फ्रीज उघडते. खर्च झाला खरा. पण त्याची रुखरुख आम्हांला कधी वाटली नाही. रुखरुख वाटते ती एवढीच, की इतकी वर्षे आम्ही चपलांवर भागवले.

प्रश्न

१. फ्यूजमध्ये जाड तार का घालू नये?

२. पिनेचा तिसरा पाय कशासाठी असतो?

३. आपल्या घरातले वायरिंग किती वर्षांचे आहे? घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.