पाण्याचा जिना

भूगोलाच्या तासाला ‘कॅनॉल लॉक’ हा शब्द आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे घराचे कुलूपच उभे राहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी विचारावे तरी कोणाला? अखेर सरांनी फळ्यावर आकृती काढली.

लॉक म्हणजे कालव्यातील बांधीव हौद. त्याच्या दोन्ही टोकांना दारे असतात. खालून आलेली नाव हौदात शिरली की मागची दारे लावतात आणि झडपेतून वरचे पाणी आत सोडतात. पाणी चढते, तशी नावही चढते. पातळी सारखी झाली की वरची दारे उघडतात. नाव उचलायला इंजिन लागत नाही.

इंग्लंडमध्ये डिव्हायझेस गावाजवळ केनेट-एव्हन कालव्यावर असे 29 लॉक आहेत. दोन मैलांत नाव 237 फूट चढते. 1810 मध्ये हा पाण्याचा जिना पुरा झाला. पण प्रत्येक खेपेला वरचे हौदभर पाणी खाली जाते. ते भरून काढण्यासाठी त्याच कालव्यावर क्रॉफ्टन येथे वाफेचे पंप बसवावे लागले.

वाईच्या गणपती घाटावरून वाहणाऱ्या आपल्या कृष्णेलाही लॉक ठाऊक आहेत. विजयवाड्याला 1855 मध्ये बंधारा पुरा झाला. त्याच्या कालव्यांतून शेतीला पाणी मिळे आणि लॉकमधून नावाही चालत. आपल्या धोम धरणाचे कालवे मात्र शेतीसाठी आहेत. नावा नाहीत म्हणून लॉक नाहीत. दारे आहेत, ती पाणी वाटण्यापुरती.

रात्री हे सारे आबांना सांगितले. ते म्हणाले, “तिकडं पाणी नाव चढवतंय व्हय? आन् आपल्या शेवटच्या फाट्याला उताराचं पाणी बी येळेवर येत न्हाई!”

मी गप्प झाले. मग सुचले की, क्रॉफ्टनला पंप बसले ते वरून किती पाणी जाईल याचा हिशेब कोणीतरी मांडला असेल म्हणून. आमच्या फाट्याचा हिशेब कोणाकडे आहे? आबांना लिहिता येत नाही, मला येते.

पुढच्या पाळीला मी वही घेऊन फाट्यावर जाणार आहे. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आले आणि केव्हा बंद झाले, एवढेच लिहीन. आबा म्हणाले, “कंदील मी धरतो.”