फ्रेमचा भाव : आधी माप, मग आकडा

शिनोलीसारख्या गावात गिऱ्हाईक दुकानात शिरताशिरताच विचारते, "फ्रेमचे किती घ्याल?" घाईने आकडा सांगू नये. आधी फूटपट्टी लावावी. १२ बाय १८ इंचांच्या तुगऱ्याचा घेर ५ फूट. पण एक इंच रुंदीच्या पट्टीचे चारही कोपरे तिरके कापताना सुमारे ८ इंच पट्टी जास्त लागते. काच दीड चौरस फूट. हे समोर मांडून, मजुरी मिळवून एकच रक्कम चिठ्ठीवर लिहावी. आम्ही कापडवाले. कात्री लागल्यावर भाव वाढवला की गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे देते, पण पुन्हा येत नाही. हे आम्ही सोसले आहे. मापात कसर करणाऱ्यांना कुरआनच्या ८३व्या सूरहमध्ये, अल-मुतफ्फिफीनमध्ये, सक्त ताकीद आहे. पातळ काच न सांगता बसवणे आम्ही त्यातच धरतो. "मंचरला स्वस्त मिळते," असे कोणी म्हटले तर रागावू नये; तिथली काच किती मिलिमीटरची, एवढेच विचारावे.