चुन्याची तीन रूपे

चवथ जवळ आली की गोव्यातील जुन्या घरांच्या भिंतींना चुन्याची सफेती देण्याची रीत परिचयाची आहे. पानाच्या डब्यातही चुना असतोच. शाळेतील विद्यार्थी कॅल्शिअम कार्बोनेट, कॅल्शिअम ऑक्साइड व कॅल्शिअम हायड्रॉक्साइड ही नावे पाठ करतो. परंतु ही घरातल्याच एका पदार्थाची तीन रूपे होत, हे पुष्कळदा त्याच्या ध्यानात येत नाही.

चुनखडीचा दगड व समुद्रकाठचे शिंपले दिसावयास भिन्न असले, तरी दोहोंतील मुख्य द्रव्य कॅल्शिअम कार्बोनेट हेच होय. म्हणूनच किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना तयार करीत असत. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर चुना भरतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो वायुरूपाने निघून गेलेले असतात. चुन्याचा दाहकपणा अग्नीतून त्यात शिरतो, असा पूर्वी समज होता. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तराजूच्या आधारे दाखवून दिले की, भट्टीत चुन्यात काही शिरत नाही, उलट त्यातून वायू बाहेर पडतो. साध्या तराजूने एवढा मोठा भ्रम दूर व्हावा, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

कळीचा चुना पाण्यात पडताच खदखदू लागतो. खाली जाळ नसताना पाणी उकळते, कारण रासायनिक संयोगातूनच उष्णता बाहेर पडते. ५६ किलो चुना १८ किलो पाणी आपल्यात सामावून घेतो व ७४ किलो विरलेला चुना होतो. चुना विरविताना तो पाण्यात थोडा थोडा सोडावा. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतू नये, अन्यथा तापलेला चुना अंगावर उडतो.

भिंतीवर लावलेला चुना वाळतो, एवढेच आपणांस दिसते. वस्तुतः तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीत गमावलेले ४४ किलो येथे परत मिळतात, १८ किलो पाणी उडून जाते आणि हिशेब पुन्हा १०० किलोवर येतो. सच्छिद्र चिऱ्याच्या भिंतीला पावसापासून वाचविणारे हे दगडी कवचच म्हणावयाचे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेचा बाहेरील गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. तेव्हापासून तिचा चिरा पावसाळ्यात उघडाच भिजतो.

हाच बदल वर्गात पाहावयाचा असल्यास चुन्याच्या निवळीत नळीने श्वास फुंकावा. निवळी दुधाळ होते. ती चुनखडीच होय. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा, आणि नळीने फुंकावे, ओढू मात्र नये.

हळदीत चुना कालविला की ती लाल होते, हे सर्वांना ठाऊक आहे. चुना अल्कली असल्याची ती खूण. अल्कली डोळ्याच्या नाजूक पडद्यात खोलवर शिरते व दृष्टी कायमची जाऊ शकते. खाण्याच्या चुन्याची पुडी मुलाने दाबली, ती फुटली आणि चुना डोळ्यात उडाला, असे अपघात घडतात. आम्लाने अल्कलीचे उदासिनीकरण होते, हा पाठ आठवून कोणी डोळ्यात लिंबू पिळू नये. त्याने इजा वाढते. तूप वा मधही घालू नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार तत्काळ सुरू करावी, ती किमान अर्धा तास चालू ठेवावी, पापणीखाली अडकलेले कण पाण्याने धुऊन काढावेत आणि मुलास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. वाटेतही पाणी सोडीत राहणे इष्ट.