निमंत्रण आलं, पण पैसे कोण देणार?

ऑक्टोबर उजाडला की आमच्या होस्टेलवर इन्टर्नशिपचं वारं शिरतं. ज्याला त्याला युरोपातल्या प्रोफेसरला मेल टाकायचा असतो. मेलमध्ये पॉइंटर, प्रोजेक्ट, पायथन सगळं असतं. फक्त राहण्या-खाण्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न नसतो. आपल्याला विचारायचा संकोच वाटतो. तिकडे हा रोजचाच प्रश्न आहे, विचारला म्हणून कोणी रागावत नाही.

कॉम्प्युटर सायन्सच्या लॅबमध्ये येणाऱ्या पाहुण्याचा पैसा साधारण तीन खिशांतून येतो: प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधून, त्या देशाच्या शिष्यवृत्तीतून, नाहीतर आपल्या देशातून. (चौथा खिसा वडिलांचा. त्याबद्दल न लिहिलेलं बरं!)

फ्रान्सचं उदाहरण घेतो, कारण तिथे नियम स्पष्ट आहेत. 'इन्रिया' ही १९६७ मध्ये सुरू झालेली त्यांची कॉम्प्युटर सायन्सची सरकारी संशोधन संस्था. फ्रेंच कायद्याप्रमाणे इन्टर्नशिप दोन महिन्यांच्या वर गेली की मानधन द्यावंच लागतं. २०२५ मध्ये हा किमान दर तासाला ४.३५ युरो होता, म्हणजे महिन्याला सहाशेच्या आसपास. दोन महिन्यांच्या आत मात्र सगळा लॅबच्या मर्जीचा मामला. आपण भाबडेपणाने 'सहा आठवडे येतो' असं लिहितो आणि हक्काचं मानधन तिथेच सोडून देतो. सहाशे युरोत पॅरिसमध्ये भागणं कठीण, नान्सीसारख्या लहान शहरात ओढूनताणून भागतं.

यासाठी एक त्रिपक्षीय करार लागतो: विद्यार्थी, लॅब आणि आपलं कॉलेज. त्यावर कॉलेजची सही नसेल तर गाडी पुढे सरकत नाही. ऑफिसमधल्या मंडळींना नम्र विनंती, असा फ्रेंच कागद टेबलावर आला तर तो 'नंतर बघू'च्या ढिगात टाकू नका.

लॅबकडे पैसे नसतील तर दुसरा खिसा. फ्रेंच दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्ती आहे. जर्मनीला जायचं तर डाडची 'वाइज' ही दोन-तीन महिन्यांची योजना आहे. तिला आधी जर्मन प्रोफेसरचं निमंत्रणपत्र लागतं. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंकमध्ये उलटा प्रकार: तिथले प्रोफेसर प्रोजेक्टची यादी देतात, आपण त्यातून निवडायचं, काम १२ आठवड्यांचं. उन्हाळ्यात जायचं तर अर्ज आदल्या वर्षीच करावे लागतात.

खरी अडचण वेगळीच आहे. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी हातात पैसा उशिरा येतो आणि खर्च आधी होतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा, विमानाचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट, हे सगळं मानधनाच्या पहिल्या हप्त्याआधी! माझ्या रूम पार्टनरचं यातच अडलं होतं. घरी ऊस, बिल कधी येईल ते कारखान्यालाच ठाऊक. त्याने प्रोफेसरना सरळ लिहिलं की डिपॉझिट भरणं जमणार नाही. त्यांनी मेल लॅबच्या सेक्रेटरीबाईंकडे पाठवला आणि बाईंनी विद्यार्थी वसतिगृहात बिनडिपॉझिटची खोली शोधून दिली. तिकिटाचे पैसे आम्ही विंगमध्ये उसने जमवले. (परत मिळाले, हेही नमूद करतो.)

पीएच.डी. झालेल्या सरांसाठी आणि मॅडमसाठी युरोपची मेरी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. अट अशी की आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. आपल्यापैकी बहुतेकांना ती आपोआप लागू पडते! आणि परदेशच कशाला? भारतातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप दोन महिन्यांची असते आणि ती विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही मिळते. होस्टेलवर याची चर्चा फारशी होत नाही, हे मला तरी चमत्कारिक वाटतं.

असो. मेल लिहायला बसाल तेव्हा शेवटी एवढं जरूर घाला: "मी दहा आठवडे येऊ शकतो. आपल्या लॅबकडून मानधनाची सोय होईल का? नसल्यास मी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतो, त्यासाठी निमंत्रणपत्र मिळेल का?"