‘तिला दाखवू नका’ म्हणण्याआधी

रेल्वे अपघातात माणूस गेल्याची खबर घरी पोचली, की तासाभरात घरातली सूत्रं आपोआप दोन-चार पुरुषांच्या हातात जातात. एखादा दीर, मामा, शेजारचे जाणते काका. हॉस्पिटलात कोण जाणार, गाडी कुणाची, जवळ किती पैसे ठेवायचे हे ते ठरवतात, आणि ते कुणीतरी ठरवायलाच हवं असतं. पण त्याच बैठकीत आणखी एक निर्णय कुणाच्या लक्षातही न येता होऊन जातो. ‘तिला दाखवू नका, तिला सहन व्हायचं नाही.’ ही ‘ती’ म्हणजे गेलेल्याची बायको, आई, कधी लेक. तिला कुणी विचारलेलं नसतं. शोकात असलेल्या कुटुंबांशी बोलणं हे माझं काम आहे, आणि त्या अनुभवावरून मी एवढं नक्की सांगेन, की मायेपोटी उच्चारलेलं हे वाक्य पुढची कित्येक वर्षं त्या बाईला छळतं. दुःख तर होणारच असतं. ते हलकं करण्याच्या नादात आपण ते लांबवतो, हे माझं म्हणणं आहे.

याला आधार काय, असं कुणी विचारलं तर मी आधी ऑस्ट्रेलियातल्या एका अपघाताकडे बोट दाखवते. १८ जानेवारी १९७७ रोजी सकाळी आठच्या सुमारास माउंट व्हिक्टोरियाहून सिडनीला कामावर निघालेल्या लोकांची गाडी ग्रॅनव्हिल स्थानकाजवळ रुळांवरून घसरली. इंजिन बोल्ड स्ट्रीटच्या पुलाच्या खांबांवर आदळलं आणि गाडी थांबल्यावर काही क्षणांत पुलाचा शेकडो टनांचा भार तिसऱ्या-चौथ्या डब्यांवर कोसळला. ८३ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. चौकशीत मुख्य दोष रुळांच्या अत्यंत वाईट अवस्थेचा निघाला. त्या देशातला तो आजवरचा सर्वांत भीषण रेल्वे अपघात. तिथल्या मनोविकारतज्ज्ञ बेव्हर्ली राफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघाताला वर्ष उलटून गेल्यावर मृतांच्या ४४ नातेवाइकांशी बोलून नोंदी केल्या. त्यातल्या ३६ जणांनी आपल्या माणसाचं अंत्यदर्शन घेतलेलं नव्हतं. या ३६ पैकी २२ जणांना, ‘तेव्हा बघायला हवं होतं’ ही खंत होती. ज्या ८ जणांनी पाहिलं होतं, त्यांच्यातल्या एकालाच पाहिल्याचा पश्चात्ताप होता.

४४ माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढायचा का, असा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. शिवाय ज्यांचं मन मुळात घट्ट, तेच बघायला पुढे गेले असतील, म्हणून त्यांना पश्चात्ताप कमी, असंही म्हणता येईल. मी हे दोन्ही मान्य करते. पण दुसरा आक्षेप नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूचा निघतो. ज्याला झेपेल त्याने पाहावं, ज्याला झेपणार नाही त्याने न पाहावं, आणि हे ज्याचं त्याने ठरवावं. ‘सगळ्यांना दाखवाच’ असा माझा आग्रह नाही. दुसऱ्याने परस्पर ठरवू नये, एवढाच आहे. पुढे २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला. अपघात, आत्महत्या, खून, स्फोट अशा आकस्मिक मृत्यूंनंतर मागे राहिलेल्या ८० जणांच्या त्यात दीर्घ मुलाखती आहेत. पाहणं अतिशय क्लेशाचं होतं असं सांगणारे लोकही, पाहिलं ते बरं झालं, असं बहुतेक वेळा म्हणतात. ज्यांनी स्वतः विचार करून न पाहण्याचं ठरवलं, त्यांचीही फारशी तक्रार नाही. खरी चुटपुट लागून राहिली ती ज्यांना निवडच मिळाली नाही त्यांना.

‘पण तो चेहरा आयुष्यभर डोळ्यांसमोर राहील त्याचं काय?’ हा सगळ्यात जोरकस प्रश्न, आणि रेल्वेच्या बाबतीत तो पोकळ नाही. रुळांवरच्या मृत्यूत देहाची काय अवस्था होते हे मुंबईकराला सांगायला नको. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न पाहिलेल्याच्या डोळ्यांसमोर काहीच नसतं असं थोडंच आहे? तिथे कल्पना असते, आणि कल्पनेला कुठे थांबायचं ते कळत नाही. टीव्हीवर दिवसभर फिरणारे डबे, मोबाइलवर कुणीतरी पुढे ढकललेली फिल्म, शेजारणीने दबक्या आवाजात सांगितलेलं अर्धवट काहीतरी, यातून मन जे चित्र जुळवतं ते पुष्कळदा खऱ्याहून भयंकर असतं. त्याहून वाईट म्हणजे संशय. तो नक्की तोच होता का? दुसऱ्याच कुणाला तर अग्नी दिला नाही ना? दाराची बेल वाजली की क्षणभर उभं राहणारं मन हे वेडेपणाचं लक्षण नाही. त्या मनाला पुरावा मिळालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांना तर मी उलट विचारते, की आपली परंपरा नेमकी कोणती? माणूस घरी गेला तर आपण त्याला भुईवर निजवतो, मुखात गंगाजळ घालतो, तुळशीपत्र ठेवतो, लांबच्या गावाहून येणाऱ्या लेकीसाठी तासन्‌तास थांबतो आणि ती आली की तोंडावरचं वस्त्र बाजूला करतो. बायका स्मशानात जात नसल्या तरी अंगणातला निरोप त्यांचाच असतो. शवविच्छेदनानंतर पांढऱ्या कापडात गच्च बांधलेला देह ‘उघडू नका’ म्हणत अॅम्ब्युलन्समधून थेट स्मशानात नेणं, ही रीत आपल्या आजोबांची नाही. ती हॉस्पिटलची सोय आहे, आणि आपण तिला रीत समजून बसलो आहोत.

मग करायचं काय? घाईने तिला शवागारात नेऊन उभं करायचं, असं मुळीच नाही. ओळख पटवायला आधी घरातला असा कुणीतरी जावा ज्याला जुन्या जखमेचा व्रण, दातावरची टोपी, पायाचं ऑपरेशन अशा खुणा माहीत आहेत. त्याने पाहून आल्यावर घरच्यांना सरळ शब्दांत सांगावं, कुठे लागलंय, चेहरा कसा आहे, रंग बदललाय, सूज आहे, अंग गार लागेल, वास येईल. मग विचारावं, ‘तुम्हाला बघायचंय का? आत्ता नको असेल तर थोड्या वेळाने सांगा.’ आणि नाव घेऊन विचारावं. ‘बॉडी’ हा शब्द ताबा घेण्याच्या कागदापुरता ठीक आहे, बायकोसमोर नको. चेहरा बघण्यासारखा नसेल तर तो झाकून हात बाहेर ठेवता येतो. हाताला हात लावून पाच मिनिटं बसायला मिळालं तरी पुष्कळांना निरोप घेतल्यासारखं वाटतं. सोबत एकाने उभं राहावं, बडबड करू नये, आणि ती मध्येच मागे फिरली तर ‘आता आलीच आहेस तर बघ’ म्हणू नये. तिने नको म्हटलं तर एक नीट फोटो काढून, पाकीट बंद करून विश्वासू माणसाकडे ठेवावा. तो चार वर्षांनी मागितला जाईल, कदाचित कधीच मागितला जाणार नाही. कपडे, चप्पल, डबा, घड्याळ या वस्तूंचंही तेच. न विचारता धुऊ नका, टाकू नका.

‘एवढा सोपस्कार करायला तिथे वेळ कुणाला असतो?’ असं यंत्रणेतली माणसं म्हणतात. २ जून २०२३ला ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर वळून उभ्या मालगाडीवर आदळली, पलीकडून जाणारी यशवंतपूर-हावडा गाडीही त्यात सापडली, आणि २९६ जीव गेले. सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुकीमुळे हे घडलं असं चौकशीत निघालं. पहिल्या रात्री मृतदेह गावातल्या शाळेत ठेवावे लागले. पुढे त्या वर्गांत मुलं बसायला तयार होईनात, तेव्हा जुनी इमारत पाडली. तिथे पहिल्या दिवसांत वेळ नव्हता हे खरंच आहे. नातेवाइकांनी फोटो पाहत माणसं ओळखली, एकाच देहावर एकाहून जास्त कुटुंबांनी हक्क सांगितला, शेवटी डीएनए तपासणीवर सोडावं लागलं. यातून घ्यायचा धडा घाई न करण्याचा आहे. शर्टाच्या रंगावरून, एकट्या अंगठीवरून होकार देऊ नका. गर्दीच्या गाडीत सारखे शर्ट शेकड्यांनी असतात. रक्ताचा नमुना देऊन थांबणं कितीही जिवावर आलं तरी चुकीच्या माणसाला अग्नी दिल्याचं कळणं त्याहून जड आहे, आणि तिकडे दुसरं एक घर रिकाम्या हातांनी परततं. त्या अपघातातल्या २८ देहांवर चार महिने कुणीच हक्क सांगितला नाही. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरला त्यांचे अंत्यसंस्कार झाले.

ब्रिटनमध्ये तर ओळख पटवण्याच्या नावाखाली माणुसकी सुटल्याची नोंद आहे. १९८९ साली थेम्स नदीत ‘मार्शनेस’ ही नौका बुडून ५१ जण गेले. बोटांच्या ठशांसाठी पंचवीस मृतांचे हात मनगटापासून कापून घेतले गेले, कुटुंबांना ते पुढे केव्हातरी कळलं, आणि आपल्या माणसाला पाहू दिलं नाही ही काही घरांची तक्रार वेगळीच. न्यायमूर्ती क्लार्क यांच्या चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. त्यात प्रत्येक टप्प्यावर खरी माहिती देणं, मृताचा आणि मागे राहिलेल्यांचा मान राखणं, सहानुभूतीने वागणं आणि चुकीची ओळख टाळणं, ही तत्त्वं घालून दिली आहेत. यातलं पहिलं घरातल्या मोठ्यांनाही लागू पडतं. ग्रॅनव्हिलला पुलाखाली अडकलेले काही लोक बचाव पथकाशी नीट बोलत होते, आणि वरचा भार काढल्यावर थोड्याच वेळात गेले. तासन्‌तास दाबल्या गेलेल्या स्नायूंतली विषारी द्रव्यं भार हटताच रक्तात पसरतात, त्याने हृदय आणि मूत्रपिंडं बंद पडतात, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ‘तो तर बोलत होता, मग गेला कसा?’ या प्रश्नाला डॉक्टरांकडून असं उत्तर मिळणं आणि ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसवलं जाणं, यात मागे राहणाऱ्याला फार फरक पडतो. शवविच्छेदनाचा अहवाल म्हणूनच कुणातरी डॉक्टरकडून समजून घ्यावा. मुलांनाही खरं सांगावं, वयाला झेपेल इतकं. ‘बाबा गावाला गेलेत’ ऐकलेलं पोर पुढे कुणाच्याच गावाला जाण्यावर विश्वास ठेवत नाही.

देह मिळालाच नाही, अशी वेळ काही घरांवर येते. तिथे आपल्याकडे पालाशविधी आहे, पळसाच्या पानांची प्रतिकृती करून अग्नी देतात. मी कर्मकांडाची पुरस्कर्ती नाही, पण ज्या कुणी हा विधी योजला त्याला शोकाची जाण होती असं मला वाटतं. फक्त तो कधी करायचा हे तिच्यावर सोपवा, नातेवाइकांच्या सुट्ट्यांवर नको.

‘वर्षश्राद्ध झालं, आता सावर’ हेही असंच परस्पर ठरवलेलं असतं. ग्रॅनव्हिलच्या मृतांसाठी दरवर्षी रुळांवर गुलाब टाकले जातात, आणि न्यू साउथ वेल्सच्या सरकारने विधिमंडळात अधिकृत माफी मागितली ती मे २०१७ मध्ये, ४० वर्षांनंतर. ऐकायला माणसं जमली होती. ४० वर्षांत ती ‘सावरली’ नव्हती असं नाही, त्यांनी नोकऱ्या केल्या, मुलं वाढवली. सावरणं आणि विसरणं एक नाही, आणि विसरण्याची मागणी करण्याचा हक्क घरच्यांनाही नसतो, सरकारलाही नसतो.

आता कागदांचं, कारण ‘तिला कशाला त्रास’ हा विचार इथे पैशांचं नुकसानही करतो. रेल्वेने किंवा मंत्र्यांनी लगेच जाहीर केलेली मदत वेगळी आणि कायद्याची भरपाई वेगळी. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून मृत्यूसाठी मिळणारी रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे, आणि ती आपोआप घरी येत नाही, अर्ज करावा लागतो. धावत्या लोकलमधून पडून झालेला मृत्यूही या कायद्यात बसू शकतो. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा बुडत नाही. मृताजवळ तिकीट नसणं एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं ठरत नाही आणि नातेवाइकांनी प्रतिज्ञापत्र दिल्यावर उत्तर देण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. पास असेल तर जपा, मोबाइलवरचं तिकीट डिलीट होऊ देऊ नका. भरपाईचा हक्क पत्नी, मुलं, आईवडील या अवलंबितांचा असतो. म्हणून ‘तू फक्त सही कर’ म्हणून तिच्यापुढे कागद सरकवू नका. कोणता अर्ज, किती रक्कम, कुठल्या खात्यात, हे तिला बसून वाचून दाखवा आणि पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला यांच्या प्रतींची फाइल तिच्याच कपाटात ठेवा. दावा दाखल करायची मुदत १ वर्ष आहे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ‘आम्ही तिला सांगितलंच नव्हतं’ हे कारण न्यायाधिकरणासमोर उभं राहून तुम्हालाच सांगावं लागेल.